कर्नल कादिरगलींची शेवटची पंगत

१

कर्नल कादिरगली जेवून आडवे झाले, ते पुन्हा उठलेच नाहीत. संध्याकाळचा चहा घेऊन शिपाई लोकरीच्या नमद्याच्या तंबूत शिरला तेव्हा ते उशीला टेकून पडले होते. छातीत गोळी होती, आणि जेवणाची चादर अजून उचललेली नव्हती. चादरीच्या कडेला एक पिस्तूल पडलं होतं. ते लेफ्टनंट ग्लेबचं निघालं, आणि तिथंच सगळ्यांच्या दृष्टीनं निकाल लागला.

निकाल झटपट लागायला हवाच होता म्हणा. आदल्या दिवशी पहाटे राजधानीत तीन जनरलांनी राष्ट्राध्यक्षांना हुसकून सत्ता बळकावली होती. रेडिओवर एक निवेदन झालं आणि तेव्हापासून नुसती वाजंत्री चालू होती. टेलिफोनच्या तारा तुटलेल्या, बिनतारी यंत्रं मुकी. राजधानीत कोण जगलं, कोण मेलं, कोणती पलटण कुणाकडे गेली, कुणालाच काही कळत नव्हतं. आणि ही छावणी नेमकी खिंडीच्या तोंडावर. जनरलांची कुमक उत्तरेच्या सरहद्दीवरून निघाल्याचं निवेदनात सांगितलं होतं, ती याच रस्त्यानं जाणार. खिंडीचं फाटक उघडायचं की बंद ठेवायचं हे कर्नलांच्या शब्दावर होतं, आणि कर्नल म्हणाले होते, "आधी जेवू, मग बोलू."

बाकी छावणीचं सगळं तळ्यात-मळ्यात चाललं होतं. जनरलांच्या बाजूच्यांनी दंडाला पांढरी पट्टी बांधावी, असं निवेदनात होतं. पट्टी कुणीच बांधली नाही, पण खिशात पांढरा रुमाल मात्र जो तो बाळगायला लागला. ज्या पलटणीनं वर्षानुवर्षं बाहीला नाक पुसलं, तिला एकाएकी रुमालाची गरज पडली होती.

तपास अधिकारी झेनेश त्या दुपारी खाली गावात चोरीचं डिझेल शोधत होती. पंचेचाळिशीची, हाडापेरानं मजबूत, तोंडानं फटकळ बाई. तिची सगळी नोकरी डिझेल, बूट आणि ब्लँकेटं चोरणाऱ्यांच्या मागं धावण्यात गेली होती. तिला इथं आणलं होतं कर्नलांनीच. बाई काय तपास करणार, असं ज्यांनी म्हटलं त्यांना ते म्हणाले होते, तुमच्यापेक्षा बरा करेल. त्यांचं प्रेत बघून झेनेश तंबूमागे गेली आणि ढसाढसा रडली. मग तोंड धुतलं आणि कामाला लागली.

छावणीचा कारभार आता मेजर नुरपेसकडे आला होता. त्यानं जाहीर केलं, की ग्लेब जनरलांना फितूर आहे, त्यानं इमानी कर्नलांचा खून केला, आणि उद्या सूर्य डोंगराआड जायच्या आत त्याला गोळी घातली जाईल. नुरपेसच्या शब्दाला वजन होतं. त्याचा बाप म्हणजे राजधानीतला म्हातारा जनरल मिर्झागेल्दी, राष्ट्राध्यक्षांचा खंदा माणूस. छावणीतल्या निम्म्या अधिकाऱ्यांना त्या म्हाताऱ्यानंच कान धरून कवायत शिकवली होती.

झेनेशनं विचारपूस करायची परवानगी मागितली. नुरपेस म्हणाला, "करा आपा. वेळ तुमचाच फुकट जाईल." छावणीत थोरल्या बाईला आपा म्हणत, थोरल्या पुरुषाला आगा.

तंबूत शिरताना तिनं दारातल्या खुंट्यांकडे पाहिलं. पंगतीला शस्त्र लावून बसत नाहीत, कमरेचे पट्टे पिस्तुलासकट खुंटीला टांगायचे. म्हणजे ग्लेबचं पिस्तूल घ्यायला ग्लेबच लागतो असं थोडंच आहे? पंगतीला माणसं चारच होती. त्यातलं एक मेलं होतं, एक कोठडीत होतं आणि उरलेली दोघं छावणीत मोकळी फिरत होती.

२

ग्लेब उत्तरेकडच्या खाणीच्या गावातला, रशियन आईबापांचा मुलगा. बिनतारी यंत्रांचं काम त्याच्याकडे होतं. छावणीत येऊन त्याला फार दिवस झाले नव्हते. घोडीचं दूध अजून नाक मुरडून प्यायचा आणि पंगतीत कुठं बसायचं ते दर वेळी विचारायचा. त्या रात्री कोठडीत तो गुडघे पोटाशी घेऊन बसला होता.

झेनेशनं त्याला जेवणाचं सगळं पहिल्यापासून सांगायला लावलं. तो म्हणाला, सुरुवातीला कर्नल, मेजर नुरपेस आणि तो असे तिघंच होते. कॅप्टन जानुझाक रणगाड्यांकडे अडकला होता. मोठं ताट आलं, वर मेंढ्याचं डोकं. ते कापून वाटलं गेलं, त्यातला कान ग्लेबला मिळाला. "म्हणे, धाकटा आहेस, मोठ्यांचं ऐकत जा," असं सांगून तो एवढ्या दुःखातही जरा हसला. त्यानंतर जानुझाक आला. लगेचच एक शिपाई सांगत आला की बिनतारी यंत्र खरखरतंय. ग्लेब तसाच पळाला, पट्टा खुंटीवरच राहिला. यंत्रात काहीच नव्हतं. तरी काही ऐकू येईल या आशेनं तो एकटाच तिथं बसून राहिला, थेट शिपाई त्याला धरायला येईपर्यंत.

"जेवताना काही वेगळं घडलं?"

ग्लेबनं बराच विचार केला. कर्नल थट्टामस्करी करत होते, म्हणाला, पण मध्येच गप्प झाले. डोकं कापलं जात होतं तेव्हाच. मेजरकडे बघत त्यांनी हळूच विचारलं, "खरं का रे?" मेजर दचकून म्हणाला, "काय?" कर्नलांनी नुसता त्याच्या पुढ्यात चहा ओतला. ग्लेबला वाटलं, राजधानीचंच काहीतरी असेल.

झेनेश उठली तसा त्यानं तिच्या बाहीला हात लावला. "आपा, मारतील का हो मला?"

"मी आहे तोवर नाही," ती बोलून गेली. उचलली जीभ लावली टाळ्याला. कोठडीबाहेरचा पहारा नुरपेसच्या हुकमातला होता आणि तिच्या पाठीशी ती स्वतः सोडून कुणी नव्हतं. तिला स्वतःचाच राग आला.

३

मेजर नुरपेस कर्नलांच्या खोलीत होता, पण कर्नलांच्या खुर्चीत बसला नव्हता. दाढी नीट केलेली, बूट लखलखीत, डोळे मात्र लाल. दोन दिवस कुणाचाच डोळ्याला डोळा लागला नव्हता, त्यामुळे झेनेशनं त्याचं काही वाटून घेतलं नाही.

त्यानं सांगितलं ते सरळ होतं. ग्लेब पळाल्यावर थोड्या वेळानं तो आणि जानुझाक बरोबरच तंबूतून निघाले. झाडांपाशी दोघं वेगळे झाले, जानुझाक रणगाड्यांकडे गेला आणि तो आपल्या खोलीत जाऊन पडला. कर्नल तेव्हा जिवंत होते, आडवे व्हायच्या बेतात होते. ग्लेब मागाहून परत आला असणार, दुसरं कोण?

"कर्नलांनी तुला 'खरं का रे' असं काय विचारलं?"

नुरपेस म्हणाला, की आपण राष्ट्राध्यक्षांच्याच बाजूचे ना, हे त्यांना पक्कं करून घ्यायचं होतं. "जनरल मिर्झागेल्दींच्या मुलाला कुणी असं विचारतं का? म्हणून मी चमकलो."

झेनेशला हे पटलं, आणि पटलंही नाही. तिनं सहज, माणुसकीनं विचारावं तसं विचारलं, "वडिलांचं काही कळलं?"

तो खिडकीकडे वळला. "तारा तुटल्यात आपा. कुणाचं काय कळणार?" आणि लगेच दुसरं काढलं. एवढा संशयच घ्यायचा असेल तर जानुझाकचे खिसे बघा, म्हणाला. तो कुणाकडे झुकलाय ते सगळ्या छावणीला माहीत आहे. कर्नल जेवले आणि त्यानं रणगाड्यांची सगळी इंजिनं एकदम सुरू केली. त्या घरघराटात गोळी काय, तोफ उडाली असती तरी कुणाला कळलं नसतं.

ही गोष्ट खरी होती, आणि झेनेशच्या ती आधीच डोक्यात होती. ती तिथून निघाली तेव्हा मागून त्यानं आठवण करून दिली, की सूर्य कुणासाठी थांबत नाही.

४

दुसऱ्या दिवशी दुपारी कॅप्टन जानुझाक रणगाड्याखाली होता. हाक मारल्यावर बाहेर आला आणि खिशातून पांढराशुभ्र रुमाल काढून त्याला तेलकट हात पुसले.

"घ्या, बघून घ्या. नुरपेसनं सांगितलं असेल ना? इंजिन पुसायला ठेवलाय."

"कालपर्यंत चिंध्या चालायच्या तुला."

तो हसला नाही. म्हणाला, हो, मी वारा बघतोय. माझ्या हाताखालच्या पोरांना मरायला पाठवायचं तर कुणासाठी, एवढं तरी मला कळायला नको? राष्ट्राध्यक्षांनी कुणाचं भलं केलं, आणि हे तिघं तरी काय दिवे लावणार आहेत? कर्नल आगा म्हणतील ते करायचं असं त्यानं ठरवलं होतं. आता सांगायला कर्नल आगाच उरले नव्हते. हे बोलून त्यानं रुमाल पुन्हा खिशात कोंबला. झेनेशला वाटलं, माणूस बेभरवशाचा आहे, पण बेभरवशाचा असल्याचं लपवत तरी नाही.

"इंजिनं कुणाच्या हुकमानं सुरू केलीस?"

"नुरपेसच्या. जेवण झालं की चालवून बघ म्हणाला, थंडीनं तेल घट्ट होतं." मग तिच्याकडे बघत म्हणाला, "यात काही वावगं नाही हां आपा. मीही तेच केलं असतं."

तिनं त्याला जेवणाबद्दल विचारलं. तो कुरकुरला, की पोचलो तोवर डोकं संपलं होतं, वाट्याला नुसतं मानेचं हाडूक आलं. एवढ्या आधीपासून बोलावणं असून तोंडाला पाणी सुटलेलं तसंच राहिलं.

"कापलं कुणी?" तिनं नुसतं विचारायचं म्हणून विचारलं.

"कर्नल आगांनीच, दुसरं कोण? ग्लेबला सुरी कुठून लावायची तेही कळत नाही. आणि नुरपेसचा तर प्रश्नच नाही, त्याचा बाप जिवंत आहे. बाप असताना डोक्याला सुरी लावू नये, हे शेंबडं पोरही जाणतं."

जानुझाक पुन्हा रणगाड्याखाली शिरला. झेनेश मात्र जागची हलली नाही. यजमान कधी स्वतः डोकं कापतो का? तो ते पाहुण्यापुढं ठेवतो. ज्याचा बाप जिवंत तो पाहुणा म्हणतो, "माझे वडील आहेत हो, तुम्हीच कापा," आणि ताट परत सरकवतो. कर्नलांनी ताट मानानं मोठ्या पाहुण्यापुढंच ठेवलं असणार. तिथून ते परत आलं का, हे सांगू शकेल असा एकच माणूस उरला होता, आणि सूर्य कलायला लागला होता.

झेनेश कोठडीकडे अक्षरशः पळत सुटली. इतक्या वर्षांत तिला पळताना कुणी पाहिलं नव्हतं.

५

"तो कान," ती धापा टाकत म्हणाली, "तुझ्या हातात कुणी दिला?"

ग्लेबला वाटलं बाईचं डोकं फिरलं. पण त्यानं सांगितलं. ते ऐकून झेनेश भिंतीला टेकली आणि खाली बसली.

मग तिला शंकेनं घेरलं. पोरगं जिवासाठी खोटं बोलत असेल तर? पण तिनं ती शंका उलटून पालटून पाहिली. या खोट्याचा उपयोग होईल हे कळायला आधी ती रीत ठाऊक हवी, आणि ग्लेबला ती रीत ठाऊक असती तर तिनं काल विचारलं तेव्हाच ओरडून सांगितलं असतं. तो कान मिळाल्याचं कौतुक सांगत बसला होता. आपल्या हातात काय आहे याची त्याला आत्ताही कल्पना नव्हती.

नुरपेसला जाऊन विचारण्यात अर्थ नव्हता, पहारेकरी त्याचे होते. त्यानं तिलाही ग्लेबच्या शेजारच्या कोठडीत टाकलं असतं. एकच जागा होती. शिक्षा वाचायच्या आधी आरोपीला सगळ्या अधिकाऱ्यांसमोर बोलू देतात, ती.

"तुला बोलायला सांगतील," ती ग्लेबला म्हणाली. "मी निर्दोष आहे, दया करा, असलं काही बोलू नकोस. फक्त जेवणाचं सांग. कुणी काय वाढलं, कुणी काय कापलं, सगळं."

"त्यानं काय होणार?"

"तू सांग रे बाबा." याहून जास्त सांगायचा तिला धीर नव्हता. कारण कळलं की तो नीट बोलूच शकणार नाही, अशी तिला भीती वाटत होती.

६

अधिकाऱ्यांच्या भोजनगृहात सगळे जमले. उन्हाची तिरीप भिंतीवर वर चढली होती. नुरपेसनं आरोप वाचला आणि विचारलं, काही बोलायचंय का.

ग्लेब उभा राहिला आणि जेवणाचं सांगायला लागला. लोकांनी एकमेकांकडे पाहिलं, मागं कुणी तरी हसलंसुद्धा. सूप झालं, ताट आलं. कर्नलांनी ताट मेजरसाहेबांपुढं ठेवलं. मेजरसाहेबांनी सुरी घेतली. गालाचा मऊ भाग काढून कर्नलांना दिला, कान कापून मला दिला.

हसणारा गप्प झाला. कुणीच कुणाला काही समजावून सांगितलं नाही. एकेक करून सगळ्यांच्या माना नुरपेसकडे वळल्या. ग्लेब घाबरून थांबला. त्याला वाटलं, आपण काही तरी अपमानाचं बोललो.

"खोटं आहे," नुरपेस म्हणाला. "डोकं कर्नलांनी कापलं."

झेनेश पुढं झाली. "मग एवढंच म्हण, माझे वडील जिवंत आहेत. बस्स. या पोराला मी स्वतः भिंतीपाशी उभं करते."

नुरपेसचा हात कमरेच्या पट्ट्याकडे गेला.

"काल मी विचारलं तेव्हा तू तारांचं बोललास," ती म्हणाली. "कर्नलांनी ताट रीत म्हणून ठेवलं होतं, तू परत सरकवशील म्हणून. तू सुरी उचललीस. बाप गेला हे तुझ्या हाताला माहीत होतं. तुला आवरताच आलं नाही. कर्नलांनी विचारलं, खरं का रे. आमचं एकही यंत्र बोलत नव्हतं, नुरपेस. राजधानीतलं मरण तुला ज्यांनी कळवलं ते कोण? इंजिनं सुरू करायला तू सांगितलंस. ग्लेबचा पट्टा खुंटीवर तुला दिसत होता. म्हण ना. माझे वडील जिवंत आहेत."

पिस्तूल त्याच्या कमरेला होतं आणि हात पट्ट्यावर. दारातले शिपाई त्याचे होते. त्या क्षणी तो काहीही करू शकला असता.

"त्यांनी मला शब्द दिला होता," नुरपेस म्हणाला. आवाज इतका बारीक, की पुढच्यांनाच ऐकू गेला. "म्हाताऱ्याला हात लावणार नाही म्हणून. काल सकाळी त्यांनी मला दिलेल्या यंत्रावर कळवलं, म्हातारा राष्ट्राध्यक्षांच्या फाटकात आडवा उभा राहिला, म्हणे, नुसती काठी घेऊन, आणि गेला. मी तेव्हाच मागं फिरलो असतो तर बाप फुकटच गेला असता ना? म्हणून नाही फिरलो." मग म्हणाला, "जानुझाक गेल्यावर मी तंबूत परत आलो. कर्नल आगांनी मला फितूर म्हटलं नाही. विचारलं, रडलास का रे बापासाठी? मला ते ऐकवेना."

आणि मग तो ओरडला. "बाबा!" अशी हाक, जशी आमच्याकडे मयताच्या दारात मारतात, सगळा गाव ऐकेल अशी. काल सकाळपासून दाबून ठेवलेलं रडं एकदम बाहेर पडलं आणि तो उभ्या उभ्या हलायला लागला.

खुनी असो, कुणी असो, बापासाठी हाक मारणाऱ्याला एकटं सोडत नाहीत. पहिल्यांदा जानुझाक उठला. कालच याच माणसानं संशय त्याच्यावर ढकलला होता, तरी तो गेला, त्याला मिठी मारली आणि स्वतःही रडला. मिर्झागेल्दींच्या काठीचे फटके त्यानंही खाल्ले होते. मागोमाग बाकीचे उठले, एकेक जण गळ्यात पडून दोन शब्द बोलून बाजूला झाला. दारातल्या शिपायांनी टोप्या काढल्या. ग्लेब तसाच उभा, कुणी त्याला धरलेलं नाही आणि सोडलेलंही नाही.

झेनेश शेवटी गेली. वयानं मोठी होती, तिनं त्याचं डोकं खांद्यावर घेतलं. "थोर माणूस होता रे तुझा बाप," ती म्हणाली, आणि हे ती मनापासून म्हणाली. तो लहान मुलासारखा तिला बिलगला. तिचा डावा हात त्याच्या पाठीवरून फिरत होता. उजव्या हातानं तिनं त्याच्या कमरेचं पिस्तूल काढून घेतलं.

त्याला ते कळलं. तो मागं सरला नाही, खांद्यावर डोकं तसंच ठेवून रडत राहिला.

ग्लेबला त्याच संध्याकाळी सोडलं. जानुझाकनं खिशातला रुमाल जमिनीवर टाकला आणि म्हणाला, म्हाताऱ्याला मारणाऱ्यांना मी रस्ता देत नाही. दुसऱ्या दिवशी जनरलांची कुमक आली तेव्हा फाटक बंद होतं आणि रणगाड्यांची तोंडं उत्तरेकडे होती. पुढं राजधानीत काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. झेनेशचं त्यानंतर नाव झालं, तिला मोठ्या हुद्द्यावर बोलावलं, ती गेली नाही.

मयताला मात्र ती अजून जाते. दारापर्यंत जाते, दोन शब्द बोलते. घरातलं कुणी रडत गळ्यात पडायला आलं, की हात मागं बांधून उभी राहते.